इलेक्ट्रिक गाडीतला तुटका कपलर: दुरुस्ती कशी करायची आणि कुठे हात लावायचा नाही



ईव्हीच्या धंद्यात उतरायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक बॅटरी, दुसरं चार्जिंग स्टेशन. दोन्हींना भांडवल लागतं, जागा लागते, आणि मग "बघू पुढच्या वर्षी" म्हणून विषय तिथंच मिटतो. आज मी तुम्हाला अंगठ्याएवढ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याबद्दल सांगणार आहे. वायरिंगमधला कपलर. दोन वायरी जिथे एकमेकींत खटकन बसतात ना, तोच.

आमच्या बॅचमधला एक मुलगा संगमनेरच्या बाजूला ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो. त्याच्याकडे एक टॅक्सीवाले आले. गाडी इलेक्ट्रिक, नाशिक-पुणे रोडवर रोज पळणारी. तक्रार काय? "मिस्त्री, सपाटीला एकदम मस्त पळते, पण चंदनापुरीच्या घाटात चढाला लागली की दम सोडते. डॅशबोर्डवर कासवाचं चित्र येतं." किलोमीटर जास्त झाल्यामुळे गाडीची साधी वॉरंटी संपलेली. सर्व्हिस सेंटरने तपासून सांगितलं होतं की पुढचं अख्खं वायरिंग बदलावं लागेल, वायरिंग मागवून यायला तीन आठवडे लागतील. आता टॅक्सी तीन आठवडे उभी म्हणजे काय, हे ज्याचा हप्ता दर महिन्याला कापला जातो त्यालाच विचारा.

सर्व्हिस सेंटरला मी इथे नावं ठेवणार नाही. त्यांना कंपनीने तसंच शिकवलेलं असतं. वायरिंगमध्ये दोष आला की वायरिंग बदला. सांधा मारला आणि तो उद्या सुटला तर जबाबदारी त्यांच्यावर येते. पण अख्खं वायरिंग आणि एक कपलर या दोन्हींच्या किमतीत जे अंतर आहे ना, तिथे तुमच्या धंद्याला जागा आहे.

आधी रंग ओळखा

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. इलेक्ट्रिक गाडीत दोन वेगवेगळ्या विजा असतात. एक साधी, १२ व्होल्टची. दिवे, वायपर, हॉर्न, सेन्सर, कूलंटचा पंप, सगळे कंट्रोलर तिच्यावर चालतात. तुमच्या पेट्रोल गाडीतली ती हीच. दुसरी मोठ्या बॅटरीची, बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्टच्या घरातली, आणि ती डीसी. आपल्याकडच्या एआयएस-०३८ या नियमानुसार ६० व्होल्टच्या वरचा डीसी धोकादायक मानला जातो आणि गाडीतल्या अशा उघड्या दिसणाऱ्या केबलींचं आवरण नारंगी असावं लागतं.

नारंगी म्हणजे आपलं काम नाही. इथे चर्चाच नको. नारंगी केबल, नारंगी कपलर, ज्या डब्यांना त्या जातात ते डबे, आणि मोठी बॅटरी. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं, १००० व्होल्टला चालणारे तपासलेले हातमोजे लागतात, सर्व्हिस प्लग काढायची कंपनीने ठरवून दिलेली पद्धत लागते आणि प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमधली वीज उतरायला मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबावं लागतं. व्हिडिओ बघून हे शिकता येत नाही. माझा पण नाही.

आता एक गंमत, म्हणजे खरं तर गंमत नव्हे. नारंगी कपलरांमधून बारीक साध्या वायरींचं एक वेटोळं फिरवलेलं असतं, त्याला इंटरलॉक म्हणतात. नारंगी कपलर कुठे निघाला की हे वेटोळं तुटतं आणि गाडी मोठ्या बॅटरीचा संबंध आपोआप तोडते. या वेटोळ्यात दोष आला की गाडी 'रेडी' होत नाही, आणि मग एखादा हुशार माणूस दोन वायरी एकमेकींना जोडून गाडी चालू करून देतो. गिऱ्हाईक खूश! पण त्या दिवसापासून नारंगी कपलर अर्धवट निघाला तरी गाडीला पत्ता लागणार नाही, आणि पुढे जो कोणी तिथे हात घालेल त्याला वाटेल की वीज तुटली आहे. वायर साधी दिसते, काम पाच मिनिटांचं आहे, तरी ते करायचं नाही. गिऱ्हाईकाला स्पष्ट नाही म्हणायचं.

पिवळ्या कपलरलाही लांबूनच नमस्कार. पिवळा बहुधा एअरबॅगचा असतो.

दोष शोधणं हेच अर्धं काम

आमच्या मुलाने सगळ्यात आधी स्कॅनर लावला. कोड निघाला कूलंट पंपाचा. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नसलं तरी मोटर आणि तिचा कंट्रोलर गरम होतातच, त्यांना थंड ठेवायला पाणी फिरवणारा पंप असतो, आणि तो १२ व्होल्टवर चालतो. पंप मंदावला की गाडी स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. सपाटीला भागून जातं, घाटात जात नाही. तक्रार आणि कोड जुळले.

कोड लगेच पुसायचे नाहीत हं. आधी वहीत लिहायचे, फोटो काढायचा. पुष्कळ जण पहिल्यांदा 'क्लिअर' दाबतात आणि मग शोधत बसतात.

पंपाचा कपलर काढून त्याने मल्टिमीटर लावला. गाडी रेडी असताना १४.१ व्होल्ट. एकदम बरोबर. मग त्याने काय ठरवलं? वीज येतेय, म्हणजे पंप खराब. नवीन पंपाची ऑर्डर द्यायला निघाला होता. त्याने मला फोन केला म्हणून वाचला, नाहीतर हजारो रुपयांचा पंप बसवूनही गाडी घाटात तशीच बसली असती.

मल्टिमीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे तो इथे फसवतो. वायरीचा एकच तंतू टेकलेला असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. नळाचं तोंड बोटाने बंद करून धरलं की पाइप किती चोंदलाय ते कळत नाही, कारण दाब पूर्ण लागतो. नळ सोडला की धार बारीक. वायरीचंही तसंच. तिच्यावर भार टाकल्याशिवाय खरं कळत नाही.

मी त्याला हेडलाइटचा जुना ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब घ्यायला सांगितला. पंपाच्या जागी, जाड वीज-वायर आणि अर्थ यांच्यामध्ये तो लावायचा. बल्ब लागला, पण पिवळट. मीटरवर बघतो तर १४.१ चे ११.३ व्होल्ट झालेले. म्हणजे २.८ व्होल्ट वाटेतच कुठेतरी खाल्ले जात होते. बल्ब साधारण ४ अँपिअर ओढत होता. २.८ गुणिले ४, म्हणजे जवळपास ११ वॉटची उष्णता, आणि ती सगळी एका बारीक पिनेपाशी. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. त्याच्या निम्म्याच्या आसपास उष्णता रोज प्लॅस्टिकच्या कपलरात, तासन्‌तास. ते प्लॅस्टिक कडक होऊन तडकलं नसतं तरच नवल.

ही बल्बची युक्ती फक्त जाड वीज-वायरींसाठी, जिथे फ्यूज १० अँपिअर किंवा जास्त आहे. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या बारीक वायरींना बल्ब लावलात तर कंट्रोलर जाईल, आणि तो तुमच्या खिशातून भरून द्यावा लागेल. शिवाय गाडी रेडी असताना बॉनेटखाली हात असतो, तेव्हा गाडी पी मध्ये, हँडब्रेक ओढलेला, नारंगी केबलींपासून हात लांब. रेडिएटरचा पंखा न सांगता फिरायला लागतो, बाह्या गुंडाळून ठेवा.

व्होल्ट कुठे गळतात ते एकेक टप्पा करत मीटरने शोधलं. फ्यूजपर्यंत ठीक, वायरीत ठीक, कपलरच्या पिनेपाशी गडबड. मग कपलर नीट न्याहाळला. लॉकची जीभ तुटलेली. कपलर दोन-तीन मिलिमीटर मागे सरकलेला, त्यामुळे आतली रबरी सील जागेवर बसत नव्हती. पावसाचं पाणी, रस्त्यावरचा चिखल थेट आत. पिनेवर हिरवा थर, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तसा.

खोलायचं कसं

आता गाडी पूर्ण बंद. चार्जिंगची केबल काढलेली. चावी बिनचावीच्या स्टार्टची असेल तर ती गाडीपासून लांब, दुसऱ्या खोलीत. मग १२ व्होल्टच्या बॅटरीचं निगेटिव्ह काढून टोकाला टेप गुंडाळायचा. हे सगळं कशासाठी, तर पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्या उभ्या असतानाही मधूनच जाग्या होतात आणि मोठ्या बॅटरीतून छोटी बॅटरी भरून घेतात. तुम्हाला वाटतं गाडी झोपलीये. आणि एक लक्षात ठेवा, १२ व्होल्ट काढले म्हणून मोठी बॅटरी रिकामी होत नाही. ती तशीच भरलेली असते. नारंगीचा नियम तेव्हाही तोच.

कपलर उघडण्याआधी ब्रशने आणि हवेने बाहेरून साफ करा. माती आत गेली की पिनेला चरे पडतात. बऱ्याच कपलरांवर लॉकवर आणखी एक लाल किंवा पिवळी पट्टी असते, ती आधी मागे सरकवायची. ती न बघता लॉक दाबत राहिलं की जीभ तुटते. तुमच्याकडे येणाऱ्या कितीतरी तुटक्या कपलरांची गोष्ट एवढीच असते, आधीच्या माणसाने जोर लावला. प्लॅस्टिक जुनं असेल तर हॉट एअरने थोडं कोमट करून घ्या. ओढायचं ते कपलरच्या अंगाला धरून, वायरीला धरून कधीच नाही.

जीभ तुटली तर काय करतात लोक? केबल टाय. फेव्हिक्विक. इन्सुलेशन टेपचे पंधरा वेढे. मी समजू शकतो, रात्री रस्त्यात गाडी बंद पडली तर घरी पोचायला टाय बांधा. पण गॅरेजमध्ये पैसे घेऊन टाय बांधायचा नाही. टाय कपलरला धरून ठेवतो, पण सीलवर पडणारा सारखा दाब त्याने येत नाही. पहिल्या पावसात गाडी परत दारात.

नवीन कपलर शोधताना जुन्यावर कोरलेले आकडे भिंगातून वाचा. टीई, याझाकी, सुमितोमो, मोलेक्स, ॲप्टिव अशा मोजक्याच कंपन्यांचे कपलर जगभरच्या गाड्यांत असतात, पेट्रोल असो की इलेक्ट्रिक. आकड्यावरून हाउसिंग मिळतं, पण फक्त हाउसिंग मागवू नका. पिना, प्रत्येक वायरीची सील आणि आतला दुसरा लॉक, सगळं एकत्र मागवा. पिनेचं माप बघून घ्या, ०.६४, १.५, २.८ मिलिमीटर अशी मापं असतात, आणि डोळ्यांना सारखी दिसणारी पिन ढिली बसली की पुन्हा तीच ११ वॉटची कहाणी. काही कपलर वायरीचे तुकडे जोडूनच मिळतात. घाईत ते बरे पडतात, पण मग प्रत्येक वायरीला एक सांधा वाढतो. मला स्वतःला पिना बदलणं जास्त आवडतं.

जुन्या पिना काढायच्या आधी फोटो, आणि कोणत्या नंबरच्या घरात कोणत्या रंगाची वायर, ते कागदावर. घरांचे नंबर हाउसिंगच्या मागे बारीक कोरलेले असतात. आतला दुसरा लॉक आधी सोडवायचा, मग पिन काढायच्या अवजाराने पिनेची कळ दाबायची. पिन अलगद मागे येते. येत नसेल तर तुमचं काहीतरी चुकतंय, पक्कड शोधू नका.

क्रिंपिंग: इथे कंजुषी नको

माझ्या मते या धंद्यात एकच अवजार असं आहे ज्यावर खर्च करायला मागेपुढे बघायचं नाही. रॅचेटची क्रिंपिंग पक्कड, पिनेच्या मापाच्या जबड्यांसह. साध्या पकडीने दाबलेली पिन बाहेरून घट्ट दिसते, आत हवा राहते, हवेतून ओलावा येतो, ओलाव्याने कळंक. रॅचेटची पक्कड पूर्ण दाबल्याशिवाय सुटतच नाही, त्यामुळे दमलेल्या हातानेही दाब तोच येतो.

पिनेच्या मागे पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला धरते, मागची वायरीच्या आवरणाला किंवा सीलला. सील वायरीत आधी ओवायची, हे शंभरातले नव्वद नवशिके विसरतात आणि पिन कापून पुन्हा सुरुवात करतात. आवरण चार-पाच मिलिमीटर सोला, एकही तंतू कापला जाता कामा नये. दाबल्यावर तांब्याची टोकं पुढच्या पंखांच्या बाहेर किंचित डोकावली पाहिजेत आणि आवरण दोन्ही पंखांच्या मधल्या फटीत दिसलं पाहिजे. मग ओढून बघा, चांगलं ओढून. सुटायची असेल तर टेबलावर सुटू दे.

"सर, वरून थोडं सोल्डर टाकू का, पक्कं होईल?" हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. नको. सोल्डर तंतूंमधून वर चढतं, तिथवर वायर काडीसारखी ताठ होते, आणि जिथे ताठपणा संपतो तिथे गाडीच्या थरथरीने ती तुटते.

मागची वायर हिरवी पडली असेल तर चांगलं तांबं लागेपर्यंत कापत जा. लांबी कमी पडली तर त्याच जाडीची वायर क्रिंपच्या सांध्याने जोडा, वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह. सगळे सांधे एकाच जागी घेऊ नका, पुढेमागे घ्या, आणि कपलरपासून चार-पाच सेंटीमीटर तरी लांब ठेवा. एकमेकींना पिळलेल्या दोन बारीक वायरी दिसल्या तर त्या बहुतेक कॅनच्या असतात, कंट्रोलर त्यांच्यावरून एकमेकांशी बोलतात. त्यांचा पीळ सांध्याच्या अगदी जवळपर्यंत तसाच ठेवायचा. १२ व्होल्टची बॅटरी काढलेली असताना मुख्य कॅनच्या दोन वायरींमध्ये साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका बाजूला कुठेतरी वाट तुटली आहे.

पिना घरात बसवताना 'टिक' असा आवाज ऐका, मग वायर हलकेच मागे ओढून खात्री करा, मग आतला लॉक. आमच्या मुलाने इतकं सगळं छान केलं, बॅटरी जोडली, बल्ब लावला. १४.१ चे १३.९. घाटात जाऊन आला, कासव आलं नाही, कोड परत आले नाहीत. टॅक्सीवाल्यांना फोन करायला निघाला तर मी विचारलं, "जीभ तुटली का?" पुन्हा बॉनेट उघडलं. वायरिंग धरणारी एक क्लिप गायब होती. त्यामुळे वायरीचं वजन कपलरवर लटकत होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला जिभेला झटका. क्लिप लावली नसती तर नवी जीभही गेली असती.

बिल

त्याने लावलेलं बिल असं होतं: तपासणी ७००, कपलर-पिना-सील ४२०, स्लीव्ह-टेप-क्लिप १३०, मजुरी ९००. एकूण २,१५० रुपये. टॅक्सीवाल्यांनी काहीही न बोलता दिले, वर चहा पाजला.

माझं म्हणणं, तपासणीचे पैसे त्याने कमी लावले. शोधायला तीन तास गेले, दुरुस्तीला एक. आपल्याकडे "बघायचे काय पैसे?" असं विचारतात, आणि आपणही लाजतो. तपासणीचा दर गाडी आत घेतानाच सांगा, दुरुस्ती केली नाही तरी तो लागेल हेही सांगा. ज्याला परवडत नाही तो तेव्हाच जाईल, तुमचे तीन तास वाचतील.

जॉब कार्डवर तीन गोष्टी लिहून सही घ्या: आलेले कोड, गाडीची वॉरंटी शिल्लक आहे का, आणि नेमका कोणता कपलर बदलला. वॉरंटी शिल्लक असेल तर गाडी कंपनीकडेच पाठवा, तुमच्या सांध्यामुळे त्यांचा दावा अडकला तर ते गिऱ्हाईक गावभर सांगेल. जुना कपलर पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हातात द्या. हिरवी पडलेली पिन डोळ्यांनी दिसली की बिलावर घासाघीस होत नाही.

आणि गिऱ्हाईक म्हणजे फक्त गाडीमालक नव्हे. आसपासची मल्टिब्रँड गॅरेजं, उंदराने वायरी कुरतडलेल्या गाड्या येणारे बॉडीशॉप, चार-सहा टॅक्सी बाळगणारे, यांना वायरिंगचं काम डोक्याला ताप वाटतं. त्यांच्याकडे जाऊन तुटका आणि नवा कपलर टेबलावर ठेवा, जॉबवर्क मिळतं. तिथे जाऊन काम करणार असाल तर येण्याजाण्याचे पैसे वेगळे धरा.

शिकायचं कुठे? ज्यांचं वय बसतं त्यांनी आयटीआयचा मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा ट्रेड बघावा. ज्यांचं गॅरेज आधीच चालू आहे त्यांनी कुर्ल्याच्या किंवा आपल्या गावच्या भंगारबाजारातून कोणत्याही पेट्रोल गाडीचं जुनं वायरिंग किलोवर आणावं. कपलर त्याच जातीचे असतात, आणि भंगाराला करंट नसतो. पन्नास कपलर उघडा, पिना काढा, परत बसवा. पहिल्या दहांत पाच-सहा तोडाल. ते तिथेच तुटू देत. पुढच्या व्हिडिओत मी अशाच एका भंगार वायरिंगवर कॅनच्या वायरींचा सांधा मारून दाखवणार आहे, तेव्हा मल्टिमीटर आणि जुना वायरिंगचा तुकडा हाताशी घेऊनच बसा.